गंभीर असल्याचा पुरावा

अमेरिकेतलं बरं, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं. तिथे म्हणे राज्याराज्याची यादी असते. कुठल्या आजाराला वैद्यकीय गांजा मिळेल ते त्यात लिहिलेलं असतं. आपलं दुखणं यादीत असलं तर पुढे जायचं, नसलं तर गप्प बसायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, इथे जर्मनीत, एश्बॉर्नच्या ऑफिसात, मॉनिटर जरा तिरका करून मी त्या याद्या वाचायचे. एका राज्यात माझं दुखणं होतं, शेजारच्या राज्यात नव्हतं. जिथे होतं तिथे जाऊन राहावं असं वाटायचं.

कारण जर्मनीत यादीच नाही. इथल्या कायद्यात आजारांची नावं नाहीत, नुसता ‘गंभीर’ असा एक शब्द आहे. आजार गंभीर हवा, बाकीची औषधं निरुपयोगी ठरलेली किंवा न सोसणारी हवीत, आणि या औषधाने थोडातरी फरक पडेल अशी आशा हवी. शेवटच्या दोन गोष्टी मला सहज दाखवता येत होत्या. घोडं अडलं होतं ते पहिल्या शब्दापाशी. गंभीर म्हणजे किती, हे ठरवणार क्रांकेनकासे, म्हणजे माझी आरोग्यविमा संस्था, आणि तिला सल्ला देणारा कुणीतरी डॉक्टर, जो मला कधी बघणार नव्हता, फक्त माझे कागद बघणार होता. आता काही खास डॉक्टरांना अशी आधी मंजुरी लागत नाही म्हणतात. मी अर्ज केला तेव्हा लागायची.

माझं दुखणं दिसत नाही, हीच त्याची खोड. कमरेच्या मणक्यातल्या चकतीचं ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं असं सगळ्यांचं एकमत आहे. फोटोतही उत्तम दिसतं. फक्त डाव्या पायाच्या नसेला ते कुणी कळवलेलं नाही. मांडीपासून करंगळीपर्यंत तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखं होतं, आणि उचलावा म्हटलं तर पाय उचलायला कुठे जागाच नसते. एका गोळीने माझा चेहरा सुजला आणि साधे शब्द आठवेनासे झाले. दुसरीने पोटात काही ठरेना. तिसरी घेऊन मी एस-बान लोकलमध्ये अशी झोपले की शेवटच्या स्टेशनवर सफाईवालीने मला उठवलं. वेदनांवर उपचार करणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंनी मग स्वतःहूनच थेंबांचा विषय काढला. गांजाच्या झाडातलं औषधी तत्त्व तेलात मिसळून केलेले थेंब, रोज थोडे, तेही मोजून मापून. मी नवऱ्याला सांगितलं तर तो मीटिंगमध्ये मान हलवतो तशी मान हलवून म्हणाला, “गेनाऊ, बरोबर, करून बघू.” जणू मी नवीन प्रिंटर घेत होते.

त्याच वेळी सासूबाई यायच्या होत्या. तीन महिन्यांचा व्हिसा, सांगलीहून. त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्यांना माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं की कंबर जरा धरते. एवढंच राहावं अशी माझी इच्छा होती. त्याचं कारण मी स्वतःलाही धड सांगू शकत नव्हते. त्या काही खाष्ट नाहीत. पण सुनेला पायाचं दुखणं आहे हे एकदा कळलं की त्या सुनेचं काहीतरी वेगळंच होतं, असं मी माझ्या माहेरी पाहिलेलं होतं. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. तिच्या हातातलं ताट काढून घेतात. आणि तिच्या नवऱ्याकडे असे बघतात, की त्या बिचाऱ्याला आपल्यावर अन्याय झाल्याचं पहिल्यांदाच कळतं. वर गांजा. हा शब्द मी त्यांच्यासमोर कसा काढणार होते? जीव टांगणीला लागलेला, आणि चेहऱ्यावर मात्र विमानतळावरचं स्वागत.

त्या आल्यावर पाडवा आला. दरवर्षी आमच्याकडे इथली पंधरा-वीस मराठी माणसं जेवायला असतात. या वर्षी नको, असं नवरा म्हणाला, पण आई आल्या आहेत आणि पाडव्याला घर ओकंबोकं, हे मलाच पटेना. श्रीखंड केलं, बटाट्याची भाजी केली आणि पुऱ्या उभ्यानं तळल्या. सासूबाई शेजारी उभ्या राहून लाटत होत्या. पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फ्लू झाल्याचं कळवून टाकलं. घरी मात्र ऑफिसला निघते तशी तयार होऊन निघाले आणि एका मैत्रिणीच्या रिकाम्या घरी जाऊन दिवसभर तिच्या गालिच्यावर पडून राहिले. आता लिहिताना मला हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा ते अगदी सोयीचं वाटलं होतं.

अर्जासाठी डॉक्टरबाईंना सविस्तर भेटायचं होतं, त्याचा टेरमिन, म्हणजे भेटीची वेळ, पाडव्यानंतर लगेच होती. नवऱ्याच्या कामात नेमकी त्याच दिवशी कसलीतरी नवी प्रणाली चालू व्हायची होती. सासूबाई म्हणाल्या, मी येते, दवाखान्यात बाईमाणसानं एकटीनं जाऊ नये. नाही म्हणायची माझी काय टाप. वाटेत मी एकाच गोष्टीची प्रार्थना करत होते, डॉक्टरबाईंनी कॅनाबिस हा शब्द उच्चारू नये, कारण तो इंग्रजीतही तोच आहे. देव पावला. त्या सगळा वेळ थेंब, थेंब असंच म्हणत राहिल्या. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, मी जर्मनमध्ये सांगितलं, आणि मी जमेल तितकं खरं सांगितलं. पण शेजारी सासू बसलेली असताना आपला आवाज आपल्याला वेगळाच ऐकू येतो. भाषा कळत नसली तरी सूर कळतो, म्हणून मी सगळं हवापाण्याच्या सुरात सांगत होते.

मग डॉक्टरबाई सासूबाईंकडे वळल्या. त्या इंग्रजीत आणि फार आदराने म्हणाल्या, की तुम्ही घरी रोज हिला बघता, तुम्हाला काय दिसतं ते सांगाल का?

सासूबाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, डॉक्टर, ही फार कष्टाळू मुलगी आहे. ऑफिस करते, घर करते, कधी बसलेली मी बघितली नाही. परवा आमच्या सणाला वीस माणसांचं जेवण तिने एकटीने उभं राहून केलं आणि चेहऱ्यावर एक आठी नाही. माझ्या मुलाचं नशीब म्हणून अशी बायको मिळाली.

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांची बोटं कीबोर्डवर चालताना मला दिसत होती. मी मध्ये बोलायला हवं होतं. पण परक्या बाईसमोर सासूला खोटं पाडायचं हे आमच्याकडे होत नाही. आणि दुसरंही खरंच सांगते, मला बरं वाटत होतं. अकरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझं असं तोंड भरून कौतुक कधी केलं नव्हतं. मी हसले. डॉक्टरबाईंनी ते हसणंही पाहिलं.

कासेचं, म्हणजे विमा संस्थेचं, उत्तर मे महिन्यात आलं. आबलेनुंग, म्हणजे नकार. भाषा अतिशय सभ्य होती. रुग्ण घरकाम आणि नोकरी पूर्णपणे सांभाळते, मोठ्या संख्येने पाहुण्यांचा पाहुणचारही करते, त्यामुळे आजार कायद्याच्या अर्थाने गंभीर असल्याचं दिसून येत नाही. महिन्याच्या आत विडरश्प्रुख म्हणजे हरकत घेण्याचा अधिकार मला आहे. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. पुऱ्यांनी माझा घात केला होता. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण आलं नाही. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, हा पाय घेऊन आणि शब्द विसरायला लावणाऱ्या त्या गोळ्या घेऊन काढायचं, एवढंच डोळ्यांसमोर आलं. नोकरी टिकणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या आठवड्यात मी एका बैठकीत दोनदा वाक्य मध्येच सोडून दिलं होतं.

डॉक्टरबाईंना फोन केला तर त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाल्या, अहो, पण तुमच्या सासूबाईच तसं म्हणाल्या. हरकत घेऊ, पण मला नवं निवेदन लिहावं लागेल, आणि ते घरात तुम्हाला रोज पाहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर असेल तर त्याला वजन येईल. नवरा म्हणाला, मी सांगतो की. मी विचारलं, काय सांगशील? तो विचारात पडला. मग म्हणाला की तुझा पाय दुखतो. कधी, कसा, किती वेळ, तेव्हा मी काय करते, यातलं त्याला काही सांगता येईना. मी त्याच्यावर इतकी चिडले की चहाचा कप सिंकमध्ये आपटला. कानाचा तुकडा उडाला, कप अजून वापरतो आम्ही. आईंना यातलं काही सांगायचं नाही, अशी मी त्याला ताकीद दिली. त्यांनी कौतुक केलं होतं, त्याचा असा निकाल लागला हे कळलं तर त्या उरलेले दिवस रडून काढतील, असं मला वाटत होतं.

शेवटी मीच बोलले. बोलले म्हणजे फाटकन तोंडातून गेलं. रविवारी सकाळी त्या सांगलीला बहिणीशी व्हिडिओवर बोलत होत्या आणि पुन्हा तेच सुरू झालं, सून कशी कणखर, सून कशी एका पायावर तयार. मी शेजारी मेथी निवडत होते. त्यांचा फोन संपला आणि मी म्हणाले, “आई, आता माझं कौतुक पुरे करा. त्या कौतुकापायी माझं औषध गेलं.”

मग सगळंच सांगितलं. कासे, नकार, पुऱ्या. ते थेंब कशाचे आहेत तेही सांगितलं, गांजाचे, असं अगदी स्वच्छ मराठीत. मेथीच्या काड्या हातात कुस्करत मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ‘अगंबाई’ येणार, मग देवाचं नाव येणार, मग मुलाला हाक मारली जाणार. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, “त्यानं पाय थांबेल का?”

मी कंबर म्हणत आले होते. पाय हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाही काढला नव्हता.

त्या म्हणाल्या, मला आठवड्याभरातच कळलं. तू मला रोज संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली पाठवतेस, घरात असली तरी पाठवतेस. एकदा पैसे विसरले म्हणून परत वर आले तर तू न्हाणीघराच्या फरशीवर आडवी होतीस आणि पाय भिंतीला लावला होतास. मी तसंच हळू दार ओढून घेतलं.

इतकं माहीत असून डॉक्टरांसमोर ते सगळं का बोललात, असं मी विचारलं, आणि माझा सूर चांगला नव्हता. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला कपाळावर हात मारावा की त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावं ते कळेना. त्यांच्या समजुतीप्रमाणे डॉक्टरसमोर पेशंटची तक्रार करायची नसते, गुण सांगायचे असतात. पेशंट रडका आहे असं वाटलं की डॉक्टर हात आखडता घेतो. माणूस चांगलं आहे, कामाचं आहे, घराला त्याची गरज आहे, असं पटलं की मग तो जीव लावून औषध देतो. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना असंच सांगितलं होतं, आणि ते डॉक्टर सुट्टीच्या दिवशीही येऊन बघून गेले होते. त्या माझी बाजूच मांडत होत्या. जी बाजू त्यांना माहीत होती ती.

“पुन्हा ने मला तिथे,” त्या म्हणाल्या. “इथे काय सांगायचं असतं ते आता मला कळलं.”

दुसऱ्या भेटीला नवऱ्याने रजा काढली. आम्ही तिघंही गेलो. मला पहिल्या भेटीपेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि ती कासेची नव्हती. आज माझ्याबद्दल जे बोललं जाणार होतं ते मला बसून ऐकावं लागणार होतं. ते कमी पडलं तर औषध मिळणार नव्हतं, आणि पुरेसं झालं तर ते सगळं खरं ठरणार होतं.

डॉक्टरबाईंनी विचारल्यावर सासूबाई खुर्चीत सरळ बसल्या. या वेळी विशेषणं नव्हती. त्यांनी एकेक पाहिलेली गोष्ट सांगितली, वर्गात सांगावी तशी, सावकाश, लिहून घेणाऱ्याला वेळ देत. ही भांडी घासताना डावा गुडघा स्टुलावर टेकवते. जिना उतरताना आधी मला पुढे पाठवते, मग कठड्याला धरून एका बाजूने उतरते. बूट घालताना ओठ चावते, त्याची इथे खूण आहे, बघा. रात्री पांघरूण पायावर घेत नाही, थंडी असली तरी नाही. गोळी घेतल्यावर ती मला दोनदा तीच गोष्ट सांगते आणि तिला ते कळत नाही. मी ऐकत होते. अगदी ओठावरच्या खुणेपर्यंत सगळं, दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं.

मग त्या थांबल्या. मुलाकडे न बघता म्हणाल्या, “संध्याकाळी माझ्या मुलाच्या किल्लीचा आवाज आला की ही उठून उभी राहते. तो येईपर्यंत ही जमिनीवर असते. त्याने हिला कधी पडलेली पाहिलेलीच नाही, डॉक्टर. त्याला विचारून उपयोग नाही.”

खोलीत कीबोर्डचा आवाज थांबला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून हलक्या आवाजात जर्मनमध्ये विचारलं, हे बरोबर आहे का? नवरा शेजारी होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. मी ‘जा’ म्हणाले. जर्मनमधला होकार. एवढा छोटा शब्द. तो बाहेर आला आणि मला रडू फुटलं. राग आला होता म्हणून, लाज वाटली म्हणून, आणि कुणालातरी सगळं माहीत होतं म्हणून. डॉक्टरबाईंनी रुमालांची पेटी पुढे सरकवली. ती नवऱ्याने आधी घेतली.

परतताना एस-बानला गर्दी होती. डब्यात एकच जागा रिकामी होती. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून मला तिथे बसवलं आणि स्वतः दांडीला धरून उभ्या राहिल्या. सासू उभी आणि सून बसलेली, असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी उठायला लागले, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून दाबलं. नवरा दाराशी उभा होता, खिडकीबाहेर बघत. घरी आल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, किती वर्षं? मी सांगितलं. तो बराच वेळ बूट न काढता तसाच बसून राहिला.

हरकतीचं उत्तर यायला खूप महिने लागतात असं सगळे सांगत होते. आमचं लवकर आलं. सासूबाईंच्या परतीच्या तयारीचा तो आठवडा होता. हॉलमध्ये बॅगा उघड्या होत्या, त्या चॉकलेटं कपड्यांत गुंडाळत होत्या. पत्र नवऱ्याने उघडलं. त्याने आधी मनात वाचलं. मग मोठ्याने जर्मनमध्ये वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

“मराठीत सांग,” सासूबाई म्हणाल्या.

तो म्हणाला, “मंजूर झालं.” मग त्याने पुढचं वाक्य सांगितलं, कारण सासूबाई कागदावरून नजर हटवत नव्हत्या. “त्यांनी मान्य केलंय की हिचा आजार गंभीर आहे. आणि तो कायमचा असण्याची शक्यता आहे.”

जिंकलो होतो आम्ही. मला तो शब्द हवा होता, त्यासाठी मी याद्या वाचल्या होत्या, रडले होते, सासूला साक्षीला उभं केलं होतं. आता तो माझ्या नावापुढे लागला होता, सही-शिक्क्यानिशी. नवऱ्याने कागदाची नीट घडी केली, मग उलगडली, मग पुन्हा केली.

सासूबाई उठल्या. चांगली बातमी आली की त्या देवापुढे साखर ठेवतात, मुलाच्या नोकरीला ठेवली होती, आमच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा फोनवर सांगून माझ्याकडून ठेववली होती. त्या सवयीने स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, वाटीत चमचा वाजला. पण त्या बाहेर येईनात. मी जाऊन बघितलं तर त्या वाटी हातात धरून देवाच्या फळीपुढे तशाच उभ्या होत्या.

“ठेवायची का गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “ठेवा, आई.”